पुसल्या गेलेल्या पाट्या : अमेरिकेंतील बीअरच्या जुन्या जाहिराती आणि त्यांचे संग्राहक

दुकानावरील पाटी ही मनुष्याच्या अल्पायुषी निर्मितींपैकीं एक होय. चित्र जपून ठेवण्यासाठीं काढलेलें असतें, ग्रंथ पुढील पिढीच्या हातीं जावा म्हणून छापलेला असतो. पाटी मात्र ऊन, पाऊस आणि धूर यांच्या हवालीं करण्यासाठींच जन्मास येते. दुकान बंद पडलें कीं ती उतरते, माल बदलला कीं तिच्यावरून रंगाचा हात फिरतो, आणि पत्रा बरा निघाला तर तो गोठ्याच्या छपराला जातो. अशा वस्तूला शंभर वर्षांनंतर लिलावांत हजारों डॉलर किंमत यावी, तिच्या अभ्यासासाठीं संस्था स्थापन व्हाव्या आणि संग्रहालय निघावें, ही गोष्ट प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९२० पूर्वीं बीअरच्या कारखान्यांनीं काढलेल्या पाट्यांच्या बाबतींत नेमकें असेंच घडलें आहे. त्याचें कारण केवळ त्या पाट्यांचें सौंदर्य नव्हे. त्या दुर्मिळ होण्यास काळाइतकाच एक कायदाहि कारणीभूत झाला आहे.

या पाट्या इतक्या मोठ्या प्रमाणावर निघाल्या कशा, हें प्रथम पाहिलें पाहिजे. १८४० नंतर जर्मनींतून अमेरिकेंत आलेल्या लोकांनीं आपल्याबरोबर लागर जातीची बीअर तयार करण्याची विद्या नेली. त्या काळीं बीअर दूरवर नेली म्हणजे नासत असे. म्हणून प्रत्येक शहराचा, किंबहुना प्रत्येक वस्तीचा, आपला स्वतंत्र कारखाना असे. १८७३ च्या सुमारास अशा कारखान्यांची संख्या चार हजारांवर गेली होती. पुढें आगगाडी, कृत्रिम बर्फ आणि बाटलींतील बीअर ऊन करून टिकविण्याची पाश्चरची रीत यांचा मेळ बसला, आणि मिल्वॉकीचे पाब्स्ट व श्लिट्झ, सेंट लुईचे अनहायझर-बुश यांसारखे बडे कारखाने आपला माल शेंकडों मैलांवर धाडूं लागले. लहान कारखान्यांपुढें जगण्यामरण्याचा प्रश्न उभा राहिला. या झुंजीचें रणांगण म्हणजे मद्यगृह. कारखानदार मद्यगृहाच्या मालकाला भाडें, परवान्याची फी, फर्निचर, आरसे असें सर्व कांहीं पुरवी, आणि मोबदल्यांत त्यानें त्याच एका कारखान्याची बीअर विकावी, असा करार होई. ज्याची बीअर त्याची पाटी. आणि म्हणूनच दारावर, खिडकींत, भिंतीवर, थाळ्यावर, घड्याळावर, जेथें जेथें ग्राहकाची नजर पडेल तेथें तेथें कारखान्याचें नांव झळकूं लागलें.

हें नांव ग्राहकाला वाचतां आलें नाहीं तरी ओळखतां आलें पाहिजे, अशी त्यांत योजना होती. मद्यगृहांत येणाऱ्या मजुरांपैकीं पुष्कळांना इंग्रजी वाचतां येत नसे. त्यांच्यासाठीं चिन्ह हेंच अक्षर. श्लिट्झचा पट्टा घातलेला भूगोल, अनहायझर-बुशचें गरुड बसलेलें ‘ए’ अक्षर, पाब्स्टची निळी फीत हीं चिन्हें अशा रीतीनें घरोघर माहीत झालीं. पाब्स्टच्या बाटलीच्या गळ्याला खरोखरीची निळी रेशमी फीत १८८२ पासून बांधीत असत. चिन्हाचें हें सामर्थ्य इंग्लंडनें आधींच ओळखलें होतें. तेथें व्यापारी चिन्हांच्या नोंदणीचा कायदा अंमलांत आला तेव्हां १८७६ च्या १ जानेवारीस पहिल्या क्रमांकाची नोंद झाली ती बर्टनच्या बास या बीअरच्या कारखान्याच्या तांबड्या त्रिकोणाची. याच बासची फिकी बीअर पिंपें भरभरून मुंबई-कलकत्त्यास येत असे.

अमेरिकेंतील पाट्या मुख्यतः चार तऱ्हांच्या असत. पहिली तऱ्हा शिळाछापाच्या पत्र्याची. दगडावर उलटें चित्र काढून तें कागदावर उतरविण्याची कला जुनी. पण कठीण पत्र्यावर कठीण दगड नीट बसत नाहीं, ही अडचण होती. दगडावरील चित्र प्रथम एका मऊ पृष्ठावर व तेथून पत्र्यावर उतरविण्याच्या यंत्राचें पेटंट लंडनच्या रॉबर्ट बार्क्ले यानें १८७५ सालीं घेतलें, आणि पत्र्यावर रंगीत चित्रें छापण्याचा मार्ग मोकळा झाला. प्रत्येक रंगासाठीं वेगळा दगड लागे; चांगल्या चित्राला दहा-बारा दगडहि लागत. राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईंत काढलेल्या छापखान्यांतून लक्ष्मी-सरस्वतीचीं जीं चित्रें महाराष्ट्राच्या घराघरांत गेलीं, तींहि याच शिळाछापाचीं अपत्यें होत. तीं कागदावर, हीं पत्र्यावर, एवढाच भेद. ओहायो संस्थानांतील कोशॉक्टन हें लहानसें गांव या धंद्याचें मोठें केंद्र बनलें. तेथील जॅस्पर मीक व हेन्री बीच या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या कारखान्यांतून आणि शिकागोच्या शॉंक कंपनींतून असंख्य पाट्या व थाळे देशभर गेले.

दुसरी तऱ्हा एनॅमलची. लोखंडी पत्र्यावर कांचेची रंगीत पूड पसरून तो सुमारें ८०० अंश उष्णतेच्या भट्टींत भाजला म्हणजे पूड वितळून पत्र्याशीं एकजीव होते. एका रंगानंतर दुसरा रंग साच्यांतून चढवावयाचा आणि पुन्हा भाजावयाचें. हा रंग म्हणजे वस्तुतः कांचच असल्यामुळें तो उन्हानें विटत नाहीं. पण हातोडीचा किंवा दगडाचा घाव बसला कीं त्याचा टवका उडतो, आणि तेथून गंज आंत शिरतो.

तिसरी तऱ्हा कांचेची, आणि सर्वांत नाजूक. हिच्यांत चित्र कांचेच्या मागील बाजूस काढलेलें असतें. म्हणून कारागिराला अक्षरें उलटीं लिहावीं लागतात, आणि सामान्य चित्राच्या उलट क्रमानें, म्हणजे प्रथम पुढची रेघ व शेवटीं पार्श्वभूमि, असें काम करावें लागतें. अक्षरांच्या जागीं सोन्याचा वर्ख लावीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनकडून पश्चिम भारतांत आलेलीं आणि मराठी सरदारांच्या वाड्यांतून लागलेलीं कांचचित्रें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना ही रीत निराळी समजावून देण्याचें कारण नाहीं. चौथी तऱ्हा दुधासारख्या पांढऱ्या जाड कांचेची. तिच्यावर रंगीत ठसे पक्के करून ती कांच वांकवीत आणि इमारतीच्या कोपऱ्यावर अशी बसवीत कीं दोन्ही रस्त्यांवरून येणाराला नांव दिसावें.

असें हें वैभव ऐन भरांत असतांनाच त्याच्यावर घाला आला. मद्यगृहांच्या विरुद्ध चळवळ करणारी ‘अँटी-सलून लीग’ १८९३ सालीं ओहायोंत स्थापन झाली होती. संसार उध्वस्त झालेल्या स्त्रिया, मजुरी गुत्त्यांत घालविणारे कामकरी, गुत्तेवाल्यांच्या जोरावर चालणारें शहरांचें राजकारण, हीं तिचीं गाऱ्हाणीं खोटीं नव्हतीं. १९१७ सालीं अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धांत उतरली, तेव्हां जर्मन नांवांच्या कारखानदारांविषयीं लोकांच्या मनांत द्वेषहि उसळला. १९१९ च्या जानेवारींत दारूबंदीची अठरावी घटनादुरुस्ती संमत झाली, आणि १७ जानेवारी १९२० पासून ती अंमलांत आली.

या दुरुस्तीच्या अंमलबजावणीसाठीं केलेला कायदा व्होल्स्टेड कायदा म्हणून प्रसिद्ध आहे. शेंकडा अर्ध्याहून अधिक मद्यार्क असलेलें पेय त्यानें निषिद्ध ठरविलें, हें सर्वांना ठाऊक असतें. त्याच कायद्यांत जाहिरातींविषयींहि एक कलम होतें, याची आठवण मात्र थोड्यांनाच आहे. त्या कलमानें मद्याची कोणत्याहि प्रकारें जाहिरात करण्यास बंदी केली. एवढ्यावरच न थांबतां, अशी जाहिरात असलेली पाटी किंवा फलक कोणीहि आपल्या जागेंत राहूं देतां कामा नये, असें त्यांत स्पष्ट म्हटलें होतें. बीअर विकणें हा गुन्हा झालाच. पण भिंतीवर बीअरची जुनी पाटी तशीच लटकूं देणें हेंहि कायद्याच्या विरुद्ध झालें.

या एका वाक्याचा परिणाम किती खोल झाला असेल, याची सहज कल्पना करतां येईल. पाट्या उतरल्या, कांहीं फुटल्या, कांहीं भंगारांत गेल्या, कांहींवर दुसऱ्या मालाचीं नांवें चढलीं. कारखान्यांचें तर दैवच फिरलें. कोणी मद्यार्क काढलेली बीअर करूं लागले, कोणी माल्टचा पाक विकूं लागले. पाब्स्टनें चीज काढलें, कूर्सनें माल्टयुक्त दूध व चिनी मातीचीं भांडीं काढलीं, पेन्सिल्व्हेनियांतील युंगलिंगनें आइसक्रीमचा धंदा केला. ज्यांच्याजवळ भांडवल होतें ते तगले. ७ एप्रिल १९३३ रोजीं सौम्य बीअरला परवानगी मिळाली आणि त्याच वर्षीं ५ डिसेंबरला दारूबंदी उठली. पण तेरा वर्षांत जे शेंकडों लहान कारखाने बंद झाले त्यांतील बहुतेकांचीं दारें पुन्हा उघडलीं नाहींत. त्यांचे हिशेब, त्यांचीं दप्तरें, त्यांच्या मालकांचीं पत्रें सारीं नाहींशीं झालीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, रणसाहित्यासाठीं देशभर मोडीचें लोखंड गोळा करण्याची मोहीम निघाली, तेव्हां उरलेल्या पत्र्यांवरहि संक्रांत आली.

म्हणून आज एखाद्या कोठाराच्या छपरांतून, जुन्या भिंतीच्या पोकळींतून, किंवा फळीला मागून ठोकलेल्या स्थितींत जी पाटी निघते, ती पुष्कळदां त्या कारखान्याच्या अस्तित्वाच्या मोजक्या पुराव्यांपैकीं एक असते. तिच्यावर गांवाचें नांव असतें, मालकाचें नांव असतें, कधीं कारखान्याचें चित्र असतें. संग्राहक तिला दुर्मिळ म्हणतो तें या अर्थानें. सुप्रसिद्ध कारखान्याची सुंदर पाटी महाग असेल. पण चार-दोन वर्षेंच चाललेल्या, इतिहासानें विसरलेल्या कारखान्याची साधी पाटी ज्ञानाच्या दृष्टीनें तिच्याहून अधिक मोलाची ठरूं शकते.

बीअरच्या कारखान्यांच्या अशा वस्तूंना संग्राहकांनीं ‘ब्रुअरियाना’ असें नांव दिलें आहे. या छंदाला व्यवस्थित रूप आलें तें बरेंच उशिरां. २४ जानेवारी १९३५ रोजीं न्यूअर्कच्या क्रूगर कारखान्यानें व्हर्जिनियांतील रिचमंड शहरांत पहिल्यानें डब्यांतील बीअर विक्रीस काढली. पुढें हे डबे जमविणाऱ्यांचीच संस्था १९७० सालीं सेंट लुईंत निघाली. १९७२ सालीं खास जाहिराती जमविणाऱ्यांची राष्ट्रीय संस्था आणि १९८२ सालीं अमेरिकन ब्रुअरियाना असोसिएशन स्थापन झाली. या शेवटच्या संस्थेच्या सहकार्यानें २००८ सालीं विस्कॉन्सिनमधील पोटोसी या खेडेवजा गांवीं, जुन्या कारखान्याच्या जीर्णोद्धार केलेल्या इमारतींत, राष्ट्रीय बीअर-कारखाना संग्रहालय उघडलें. तेथील वस्तु बव्हंशीं संग्राहकांच्या घरांतूनच आलेल्या असतात. ज्या कामाकडे दीर्घकाळ पंडितांनीं लक्ष दिलें नाहीं, तें छांदिष्टांनीं केलें, हें मान्य करावें लागतें.

जेथें किंमत आली तेथें लबाडीहि आली. बनावट पाट्या आज इतक्या निघतात कीं नवशिक्याला पहिला धडा खऱ्याखोट्याच्या परीक्षेचाच घ्यावा लागतो. शिळाछापाची पाटी भिंगाखालीं धरावी. जुन्या कारागिरानें छाया हातानें ठिपके देऊन साधलेली असते. ते ठिपके लहानमोठे व अनियमित दिसतात. अलीकडच्या छपाईंत मात्र चार रंगांचे ठिपके जाळीसारखे सारख्या अंतरावर मांडलेले आढळतात. एनॅमलवरून बोट फिरवावें; रंगाचे थर एकावर एक चढल्याची पायरी हाताला लागली पाहिजे. टवका उडाला असेल तेथें खालचा काळसर थर दिसावा, आणि गंज त्या टवक्याभोंवतीं हळूहळू पसरलेला असावा. सगळीकडे सारखाच पसरलेला गंज आम्लानें आणलेला असण्याचा संभव फार. स्क्रूचीं भोकें पाहावीं. वर्षानुवर्षें वाऱ्यानें हललेल्या पाटीच्या भोकांची कड झिजलेली असते. चौकट क्रॉसच्या खांचेच्या स्क्रूंनीं जोडलेली असेल, तर ती चौकट तरी १९२० पूर्वीची नव्हे; कारण तसले स्क्रू १९३५ च्या सुमारास प्रचारांत आले.

मजकूरहि साक्ष देतो. अनहायझर-बुशच्या कारखान्याचें नांव १८७९ पासून १९१९ पर्यंत ‘ब्रुइंग असोसिएशन’ असें होतें. पुढें तें बदललें. म्हणून पाटीवरील नांवाच्या एका शब्दावरून काळाचा अंदाज बांधतां येतो. खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापणाराचें नांव असतें. तें शॉंकचें, मीकचें कीं बीचचें, यावरूनहि काळाची मर्यादा ठरते. कांहीं चतुर लोक जुनी पाटी घेऊन तिच्यावर नवा रंग भरतात. तो रंग दिवसाउजेडीं दिसला नाहीं तरी अतिनील किरणांखालीं बहुधा निराळा चमकतो.

येथेंच संग्राहकाच्या मार्गांतील खरा पेंच सुरू होतो. पाटी खरी आहे, पण अर्धी गंजली आहे; तिचें काय करावें? कांचेच्या पाटीवरील रंग उष्णतेनें व ओलाव्यानें कांचेपासून सुटूं लागतो. तिची मागील बाजू कोणी भाबडेपणानें ओल्या फडक्यानें पुसली, तर शंभर वर्षांचें चित्र त्या फडक्यावर उतरतें. हा अज्ञानाचा अपराध झाला. पण ज्ञानानें होणारा अपराध याहून वाईट. निष्णात रंगारी गंजलेला भाग खरवडून, खळगे भरून, अक्षरें पुन्हा रेखून पाटी नवी कोरी करतो. ती भिंतीवर शोभते, तिला गिऱ्हाईकहि मिळतें. परंतु मूळ कारागिराचा हात कोठें संपला व दुसऱ्याचा कोठें सुरू झाला, हें मग कोणालाच सांगतां येत नाहीं. जाणते संग्राहक म्हणूनच धूळ काढणें, गंज थांबविणें, सुटणारा रंग धरून ठेवणें एवढ्यावर थांबतात. आणि दुरुस्ती केलीच तर ती कोठें, कधीं व कशानें केली याची टिपण पाटीबरोबर ठेवतात. पाटी कोणत्या गांवीं, कोणत्या इमारतींत सांपडली याची नोंद तर तिच्याइतकीच महत्त्वाची. ही नोंद हरवली म्हणजे इतिहासाचा पुरावा केवळ दिवाणखान्याचा अलंकार होऊन बसतो.

पुरावा म्हटला म्हणजे तो सत्यच बोलतो, असें मात्र नव्हे. या बाबतींत सर्वांत बोलकें उदाहरण अनहायझर-बुशनें १८९६ सालीं काढलेल्या ‘कस्टरची अखेरची झुंज’ या चित्राचें आहे. १८७६ च्या जूनमध्यें लिटल बिगहॉर्न नदीकांठीं लाकोटा, शायेन व अरापाहो या आदिवासी जमातींनीं आपली भूमि राखतांना सेनापति कस्टरच्या तुकडीचा संपूर्ण पराभव केला. त्या प्रसंगावर कॅसिली ॲडम्स यानें काढलेलें भव्य चित्र कारखान्याचा मालक अडोल्फस बुश याच्या हातीं आलें. ऑटो बेकर यानें त्यावरून नवें चित्र तयार केलें, आणि त्याच्या हजारों प्रती मद्यगृहांच्या भिंतींवर लागल्या. मूळ चित्र पुढें लष्कराला भेट म्हणून गेलें व १९४६ सालीं टेक्सासमधील फोर्ट ब्लिस येथें आगींत जळालें. या छापील चित्रांतील कस्टर लांब केस मोकळे सोडून तलवार परजीत उभा आहे. वस्तुतः त्याचे केस त्या वेळीं आखूड कापलेले होते, आणि त्याच्या तुकडीनें तलवारी बरोबर घेतल्याच नव्हत्या. तरीहि पेल्याबरोबर पोंटांत गेलेला हा इतिहास दोन पिढ्यांच्या मनांत ठसला. आदिवासी योद्धे रानटी आणि कस्टर हुतात्मा, ही समजूत शाळेच्या पुस्तकांइतकीच मद्यगृहाच्या भिंतीनेंहि दृढ केली.

इतर पाट्यांतहि अशा अतिशयोक्ती आहेत. कारखान्याचें विहंगम चित्र काढतांना इमारती प्रत्यक्षाहून मोठ्या काढीत, आणि प्रत्येक धुराड्यांतून काळा धूर निघतांना दाखवीत, कारण धूर म्हणजे भरभराट अशी त्या काळची भावना. पाब्स्टचा माल्टचा अर्क ‘सर्वोत्तम टॉनिक’ म्हणून अशक्त लोकांना आणि लेंकुरवाळ्या स्त्रियांना घेण्यास सांगितला जाई. आज या दाव्यांवर कोणी विश्वास ठेवणार नाहीं. पण म्हणून त्या पाट्या फेंकून देण्याजोग्या ठरत नाहींत. मद्याची पाटी जपणें म्हणजे मद्याचा पुरस्कार करणें नव्हे. जुन्या तलवारी जपणारा कांहीं युद्धाची वकिली करीत नसतो. लोकांना काय विकलें गेलें, कोणत्या शब्दांनीं भुलविलें गेलें, आणि ते भुलले कां, हें समजून घ्यावयाचें असेल तर तें खोटें बोलणारें चित्र जसेंच्या तसें समोर असावें लागतें.

शिकागो शहरांत आजहि कांहीं जुन्या इमारतींच्या दर्शनी भिंतींवर श्लिट्झचा तो पट्टा घातलेला भूगोल कोरलेला दिसतो. तीं त्या कारखान्यानें आपल्या मालासाठीं बांधलेलीं मद्यगृहें होत. पत्रा उतरवितां आला, कांच फोडतां आली. भिंतीचाच भाग होऊन बसलेलें चिन्ह मात्र जागच्या जागीं राहिलें, आणि आतां त्यांतील कित्येक इमारतींना शहराच्या ऐतिहासिक वास्तूंत स्थान मिळालें आहे. ज्या पाट्यांना असें भिंतीचें बळ नव्हतें, त्यांचें रक्षण संग्राहकाच्या विवेकावर अवलंबून आहे. कायद्यानें एकदां त्या पुसल्या. हौसेच्या आणि किंमतीच्या भरांत नव्या रंगाखालीं त्या दुसऱ्यांदा पुसल्या जाऊं नयेत, एवढीच त्यांच्याविषयींची खरी काळजी आहे.